उघड्या लोखंडाला मुशीचं तेल

गंज खरवडायला बसले की माझ्या तोंडात शिव्या येतात, आणि शिव्या दिल्याशिवाय गंज निघत नाही हा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये मी गाड्या रंगवते. आयटीआयला पेंटरचा ट्रेड घेतला तेव्हा वर्गात मी एकटीच पोरगी होते. पहिल्याच आठवड्यात एक जण म्हणाला, "स्प्रे गन धरशील की लाटणं?" मी त्याच्या नव्या बुटांवर रेड ऑक्साईडच्या लाल रंगाचा डबा उपडा केला. हा स्वभाव कुणाचा ते शोधायला लांब जायला नको. तो आमच्या पडवीत जाळं विणत बसलेला असायचा.

म्हणजे माझा बाप. आमची वेसाव्याला होडी होती आणि बाप तिचा तांडेल, होडीवरच्या सगळ्यांचा म्होरक्या. समुद्रात त्याच्यासारखा माणूस नाही असं अख्खा कोळीवाडा सांगतो. असेल. आम्हाला तो जमिनीवर मिळायचा ना! पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, आणि तांडेल दोन महिने घरात. आई म्हणायची, "होडी वर आली का याचा हात वर येतो." ओला दोर, वल्ह्याचा तुकडा, चुलीपुढची फुंकणी, जे हाताला लागेल ते. नऊ वर्षांची होते तेव्हा आईच्या पाठीवरचा दोर मध्ये घुसून मी अंगावर घेतला. त्याची खूण भुवईवर अजून आहे. खुंटीवरचा सदरा काढायला बापाने हात वर केला तरी आई आणि मी दोघी डोक्यावर हात घेऊन खाली वाकायचो. मग तो सदरा काढायचा, घालायचा आणि निघून जायचा. आम्ही सरळ व्हायचो आणि भाजी ढवळायला लागायचो.

लग्न करून गेले ती अकरा महिन्यांत परत आले. नवऱ्याने कानाखाली एक दिली, मी दोन दिल्या आणि बॅग उचलली. बाप दारातच म्हणाला, "नांदता येत नाय तर खाडीत जीव दे." तेव्हापासून सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. एकाच घरात राहायचो, एकाच तव्यावरची भाकरी खायचो. काही सांगायचं असलं तर मी आईला सांगायचे, तो मांजराला सांगायचा.

मधल्या काळात त्याचा उजवा खांदा गेला, होडी विकली गेली आणि हातही थांबला. सुधारला म्हणून नाही थांबला. उचलताच येत नव्हता.

आता गाडीचं सांगते. आई चाळीस वर्षं बाजारात मासळी विकते. ह्या उन्हाळ्यात एक दिवस पाटी घेऊन ती यारी रोडला रिक्षा थांबवत होती. एक थांबला, आईने एक पाय आत टाकला, तेवढ्यात त्याच्या नाकाला वास लागला. "मावशी, पाटी नको, सीट घाण होते," म्हणाला आणि गाडी तशीच पुढे काढली. आई दांडा धरून होती. दहा पावलं फरफटली असेल, दोन्ही गुडघे सिमेंटच्या रस्त्यावर. मी समोरच्या बाजूला होते. पेव्हर ब्लॉकचा तुकडा उचलला आणि असा फेकला की त्याचा आरसा खळ्ळकन गेला. पण आरसा गेल्याने गुडघे परत येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ते आधीच झिजले होते, आता पार गेले, ऑपरेशन लागेल. आई म्हणाली, हंगाम झाल्यावर बघू.

हंगामच तर खरी भानगड होती. आमच्या बाजारात एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही पण कुणी मोडत नाही. नारळी पुनवेनंतर बाजार पुन्हा भरतो, त्या पहिल्या दिवशी जी बाई ज्या जागेवर बसेल ती जागा वर्षभर तिची. आईच्या जागेवर शेजारणीची सून "तुम्ही येईपर्यंत" म्हणून बसायला लागली होती. गोड पोरगी, पण पाट स्वतःचा घेऊन आलेली. आईला चालवत नव्हतं, बसची पायरी चढवत नव्हती, आणि पाटी बघून रिक्षा थांबत नव्हती. "जागा गेली का मी गेली," ती म्हणाली. "घरात बसवलंस तर मना जितीच पुर गो." आई उगाच रडणारी बाई नाही. त्या दिवशी रडली.

म्हणून मी गाडी बनवायला घेतली. मोडीतल्या स्कूटरचं पुढचं धूड, मागे दोन चाकं, मध्ये पाइपची चौकट, बॅटरीवर चालणारी मोटर, आणि सीटच्या मागे पाटी ठेवायला पत्र्याचा ट्रे. वेल्डिंग गॅरेजमधल्या माणसाने केलं. पळणार सायकलच्या वेगाने, पण पळणार. राहिला रंग, आणि रंग हेच सगळं होतं. मासळीचं पाणी म्हणजे मीठ. वर बर्फाचं गळणं, वर खाडीची हवा. नीट रंग बसला नाही तर सहा महिन्यांत चौकटीची चाळण झाली असती आणि आई पुन्हा रस्त्यावर पडली असती.

लोक समजतात रंगवणं म्हणजे रंग मारणं. अरे, रंग शेवटी. आधी मारामारी. चार रविवार मी पडवीसमोर ताडपत्रीखाली बसून त्या लोखंडाशी मारामारी केली. रिमूव्हर लावला की जुना रंग फोडांसारखा फुगतो, लोखंडी पत्रीने खरवडून काढायचा, हाताला लागला तर कातडी जळते. मग ग्राइंडरवर तारेचा ब्रश. तिसऱ्या रविवारी त्यातली एक तार सुटली आणि कोपराच्या खाली आरपार घुसली. दातांनी धरून उपटली, फडकं बांधलं, पुन्हा सुरू. मडगार्डला पोचे होते, ते मागून टेकू देऊन हातोडीने ठोकायचे. ठोकताना मला चेहरे दिसायचे. रिक्षावाला दिसायचा, नवरा दिसायचा. सगळ्यात जास्त वेळ बापच दिसायचा, आणि तो तर समोरच बसलेला असायचा. दोन्ही मडगार्डं एकदम सरळ झाली.

बाप सगळं बघायचा आणि मांजराला सांगायचा. "लोखंडाला नागडं करून ठेवलंय बघ. खाडीच्या काठाला. लय शाणी." मी आईला म्हणायचे, "त्या मांजराला सांग, गप बस." आई तांदूळ निवडत म्हणायची, "दोघांना पण नेऊन टाका खाडीत."

पुनवेला बारा दिवस उरले होते तेव्हाच्या रविवारी लोखंड पांढरं झालं. पेंटर पांढरं म्हणतो ते हेच, गंजाचा एक ठिपका नाही, नुसता चकचकीत धातू. पॉलिश पेपर मारला, थिनरने पुसून घेतलं, आणि एकेक भाग तारेने पडवीच्या वाशाला टांगला. प्रायमर, म्हणजे गंज धरू नये म्हणून रंगाच्या आधीचा थर, त्याच दिवशी मारायला हवा होता. पण गॅरेजचा कॉम्प्रेसर सोमवारीच मिळणार होता. एक दिवसाने काय होतंय, असं मी म्हणाले. पंखा लावून ठेवला, सकाळी आईला बजावलं, "कुणी बोट लावायचं नाही," आणि कामावर गेले.

सोमवारी लवकर सुटून साडेचारला आले, कॉम्प्रेसर रिक्षात घालून. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. तासाभरात ओतणार हे दिसत होतं. भाग बघितले तर एकही लाल ठिपका नाही, कालच्यापेक्षा जास्तच चमकतायत. मी म्हटलं, झकास, नशीब आहे. मास्क लावला, हातमोजे चढवले, प्रायमर कालवला. गन सुरू करण्याआधी एकदा थिनरच्या फडक्याने पुसायचं असतं. गॅरेजमध्ये नवीन येणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी हे शिकवते, विसरला तर शिव्या घालते. त्या दिवशी आभाळाकडे बघून मी ते फडकं बाजूला ठेवलं.

चौकटीवर पहिला हात फिरवला. दोन क्षण बरा बसला. मग प्रायमर फाटायला लागला. जागोजागी गोल भोकं पडली, रंग कडेला पळाला आणि मधे नुसतं लोखंड उघडं. ट्रेवर मारला, तेच. मडगार्डवर मारला, तोच प्रकार, खाली ओघळ सुटले. हे तेलाने होतं, दुसऱ्या कशाने नाही. मी मास्क काढला, नाक चौकटीला लावलं. मुशीचं तेल! मुशी मासा कापला की त्याच्या कलेजीतून काढतात ते. होडीच्या लाकडाला पावसाळ्यात तेच चोपडतात. कोळीवाड्यात त्या दिवसांत हवेलाच तो वास असतो, म्हणून आल्या आल्या मला कळलं नव्हतं.

"कोण?" मी ओरडले. "कोणी हात लावला?"

आई आतून भिंत धरत आली. बाप जाळं बाजूला ठेवून उठला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला.

"मी," तो म्हणाला. "सकाळीच लाल पडाय लागलेलं. तुजी चार रविवारची मेहनत फुकट गेली असती. अख्खा दिवस बसून तेल पाजलं. सांध्या-सांध्यातून पाजलं."

त्याच्या तोंडावर काय होतं ते आज मला नीट दिसतं. तेव्हा नाही दिसलं. तेव्हा मला दिसले उरलेले अकरा दिवस, शेजारणीची सून आणि तिचा पाट. आणि दिसला तो दोर.

मी त्याला मारलं. उजव्या हाताने, आणि उजव्या हातात गन होती. ती त्याच्या कानाच्या वर बसली. म्हातारा चौकटीवर आदळला, तार तुटली, चौकट आणि तो दोघं फरशीवर. मी थांबले नाही. हे लिहायला नको वाटतं, पण लिहिते. पडलेल्या माणसाला मी आणखी दोनदा मारलं, आणि मारताना मला बरं वाटत होतं. त्याने हात उचलला नाही. त्याचा तो खांदा उचलतच नव्हता. राखाडी प्रायमरमध्ये रक्त मिसळलं आणि ट्रेखाली वाहिलं.

मग माझ्या पाठीत काठी बसली. एक, दोन, चार. वळून बघते तर आई. जन्मात तिने मला बोट लावलं नव्हतं. त्या गुडघ्यांवर ती उभी कशी राहिली देव जाणे, पण काठी दोन्ही हातांनी धरून मारत होती आणि दर फटक्याला बोलत होती. "त्याचा मार चाळीस वर्षं खाल्ला मी. का? तू शिकावीस म्हणून? सोड त्याला! सोड!"

सोडला. डोकं फुटलं होतं. दवाखान्यात न्यायला रस्त्यावर उभी राहिले, बापाचं डोकं टॉवेलमध्ये गुंडाळून. पहिलीच रिक्षा थांबली. सीटला रक्त लागेल म्हणून कुणी बोललं नाही. पाच टाके पडले. डॉक्टरने विचारलं कसं लागलं, तर बाप म्हणाला, "पाय घसरला." आईसुद्धा आयुष्यभर डॉक्टरला हेच सांगत आली होती.

घरी आलो तेव्हा आईने एवढंच सांगितलं, "मारणाऱ्या हातचं अन्न खाल्लं, नाइलाज होता. मारणाऱ्या हातच्या गाडीत मी बसायची नाय. मना नको तुजी गाडी. जागा गेली तर जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. गाडी सोडून देणं मला जमणार नव्हतं, आई बसो न बसो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून एकेक भाग घासायला घेतला. तेल वरचं निघत होतं, पण सांध्यांत मुरलेलं निघेना. पुसलं की स्वच्छ, दहा मिनिटांनी पुन्हा ओलं. मी रडकुंडीला आले होते. तेवढ्यात बाप बाहेर आला, डोक्याला पट्टी, आणि समोर पाटावर बसला. माझ्याकडे बघितलं नाही. बोट ठेवलं. "हितं पण लावलंय." मी तिथे गॅसच्या टॉर्चने तापवलं, तेल बुडबुडत वर आलं, पुसलं. "हितं. ह्या पाइपाच्या आत पण, चिंधी काठीला बांधून घातलेली." चौकटीतल्या प्रत्येक कोपऱ्यात तो पोचला होता. एवढं बारीक काम गॅरेजमध्ये कुणी करत नाही. त्या मोडक्या खांद्याने तो दिवसभर हे करत बसला होता, आणि माझ्यासाठी करत होता, आणि मी त्याला खाली पाडून मारलं होतं. मला फार लाज वाटली. सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पेपर द्या तो, एकशेवीस नंबरचा." त्याने दिला.

नऊ दिवस गेले. मी गॅरेजमधून आले की दोघं बसायचो. प्रायमर, मग लांबी, म्हणजे पुट्टी, मग घासणं, पुन्हा प्रायमर. गन मारण्याआधी मी तीन-तीनदा पुसायचे. रंग निळा, आमच्या होडीचा होता तो. कडेचा पिवळा पट्टा बाप म्हणाला मी ओढतो. डाव्या हाताने ओढला, थोडा वाकडा आला. मी तसाच ठेवला. आई ह्या नऊ दिवसांत पडवीत आली नाही. चहा दारातून द्यायची, कप खाली ठेवून.

पुनव झाली, समुद्राला नारळ गेले. बाजाराचा पहिला दिवस उजाडला. सात वाजता आई लुगडं नेसून, फुलं माळून दारात आली, काठीवर. आदल्या दिवशी घेतलेल्या मासळीची पाटी तिच्या शेजारी. गाडी पडवीसमोर उभी, बाप तिला फडकं मारत होता. आईने गाडीकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"बस ना आई," मी म्हणाले. "पाया पडते."

"माज्या पाया कशाला? मार मी खाल्लाय का?" ती म्हणाली. "त्याला विचार. तो हो म्हणाला तर बसते."

मी बापाकडे वळले. सहा वर्षांत त्याला हाक मारली नव्हती. वर ताडपत्री पाण्याने फुगून त्याच्या डोक्यावर आली होती. त्याच्या पट्टीवर पाणी पडेल म्हणून ती बाजूला लोटायला मी हात वर केला आणि म्हणाले, "बाबा—"

बाप खाली वाकला. फडकं टाकून चांगला हात डोक्यावर धरून, गाडीच्या चाकाशी, डोळे मिटून. तांडेल. पाच-सहा क्षण तो तसाच होता. माझा हात वरच राहिला. तो कसा खाली घ्यावा हेच मला कळेना.

आईने ते सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. अगदी हळू, तांदूळ निवडताना बोलते तशी म्हणाली, "आता कळलं?"

ती आमच्या दोघांच्या मधे बघत होती. बापाने डोळे उघडले, डोक्यावरचा हात काढला, त्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "कळलं गो." मी मान हलवली.

"मग पाटी चढव," आई मला म्हणाली आणि बापाचा खांदा धरून सीटवर बसली.

हँडल आईच्याच हातात, गाडी सायकलच्या वेगानेच गेली. मी मागून पळत होते. बाजारात शेजारणीची सून आईच्या जागेवर पाट टाकून बसलेली होती. आईने ब्रेक मारला, उतरलीसुद्धा नाही. "ऊठ गो बाय," म्हणाली, आणि ती उठली.

आता बाप आणि मी बोलतो. फार नाही, कामापुरतं. घरात जागा एवढीशी, तो फळीच्या खाली बसतो आणि फळीवर सगळे डबे. पूर्वी मी सरळ हात घालायचे. आता आधी सांगते, "बाबा, साखरेचा डबा काढतेय." तो वर बघतो आणि म्हणतो, "काढ." मग मी हात वर करते.